पहिलं लायसन्स, सातारा (एमएच-११): लर्निंगपासून कार्ड हातात येईपर्यंत

अजिंक्यतारा_पायथा
घरातल्या दोघांची लायसन्स काढायची आहेत. भाच्याला नुकतीच अठरा पूर्ण झालीत, वहिनींचं वय ४३. दोघांचंही पहिलंच. भाच्याला मोटारसायकल आणि कार, वहिनींना स्कूटी आणि कार. एजंटकडे जायचं नाही असं ठरलंय. क्रम काय, खर्च किती, आणि माणसं नक्की अडतात कुठं, हे माहीतगारांनी सांगावं. सातारा शहरात राहतो, आधार मात्र दोघांचं गावच्या पत्त्यावर आहे.

कागदवाला
क्रम सरळ आहे, अडचण बारीकसारीक गोष्टींत असते. सारथी परिवहनच्या सरकारी साइटवर महाराष्ट्र निवडून आधी लर्निंग. लर्निंग मिळाल्यापासून ३० दिवस झाले की पक्क्याचा अर्ज करता येतो, आणि लर्निंगची मुदत ६ महिने असते. म्हणजे हातात पाच महिने. माणसं हे पाच महिने "बघू पुढच्या आठवड्यात" करत घालवतात आणि शेवटच्या आठवड्यात स्लॉट शोधत बसतात. मुदत संपली की लर्निंग नव्याने, फी नव्याने, परीक्षा नव्याने.

अर्ज भरायच्या आधी एक काम करा: आधार, दहावीचं सर्टिफिकेट किंवा शाळा सोडल्याचा दाखला, दोन्ही शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. जन्मतारीखसुद्धा. आपल्याकडे दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, वडिलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. आधारच्या ई-केवायसीने अर्ज केला की नाव, पत्ता आणि फोटो आधारमधून उचलला जातो, तिथं तुम्हाला खोडाखोड करता येत नाही. चूक असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग इकडे या. लायसन्सवर चुकलेलं नाव नंतर बदलायला वेगळा अर्ज, वेगळी फी.

पत्त्याचं तुमच्या बाबतीत महत्त्वाचं आहे. पक्कं कार्ड स्पीड पोस्टने लायसन्सवरच्या पत्त्यावर जातं. गावच्या घराला कुलूप असेल तर पाकीट परत फिरतं आणि मग ते शोधत आरटीओत खेटे. एकतर आधारचा पत्ता साताऱ्याचा करून घ्या, नाहीतर गावच्या पोस्टमनला आधीच सांगून ठेवा. दुसरा उपाय स्वस्त आहे आणि चालतो.

हाफक्लच
कोणत्या प्रकाराचं लायसन्स मागायचं, यात निम्म्या लोकांची गल्लत होते, म्हणून आधी तेच.

अर्जात दुचाकीचे दोन प्रकार दिसतील: गिअरची आणि बिनगिअरची. गिअरच्या लायसन्सवर स्कूटी चालते, बिनगिअरच्या लायसन्सवर मोटारसायकल चालत नाही. वहिनींनी फक्त स्कूटीचं घेतलं आणि उद्या घरातली स्प्लेंडर बाहेर काढावी लागली, तर कायद्याने त्या विनालायसन्स. पण परीक्षा त्या त्या प्रकारच्या गाडीवरच द्यावी लागते. गिअरची गाडी येत नसेल तर ओढूनताणून गिअरचं मागू नका, ट्रॅकवर गाडी बंद पडेल.

कारसाठी 'एलएमव्ही', म्हणजे हलकं मोटार वाहन. ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तरी लायसन्स तेच. दुचाकी आणि कार दोन्ही एकाच अर्जात मागा. कार नंतर वाढवायची म्हटली तर पुन्हा लर्निंग, पुन्हा ३० दिवस, आणि प्रकार वाढवण्याची वेगळी फी.

उसाची_मोळी
मधेच विचारतो, ट्रॅक्टरचं काय? आमच्या भागात हंगाम सुरू झाला की पोरं कारखान्याच्या रांगेत ट्रॅक्टर घेऊन उभी असतात आणि खिशात फक्त दुचाकीचं लायसन्स.

हाफक्लच
@उसाची_मोळी मोटार वाहन कायद्यात एलएमव्हीची व्याख्या आहे त्यात ट्रॅक्टर आहेच, रिकाम्या गाडीचं वजन ७५०० किलोच्या आत असलं की झालं. शेतातले नेहमीचे ट्रॅक्टर त्याच्या निम्म्यातही बसतात. म्हणजे कारचं लायसन्स असलेला ट्रॅक्टर चालवू शकतो. दुचाकीच्या लायसन्सवर मात्र ट्रॅक्टर चालवणं हे विनालायसन्सच, आणि विम्याचा दावा तिथंच फेटाळला जातो. दोन ट्रॉल्या जोडून ऊस ओढायचा हा धंद्याचा विषय, त्याला ट्रॉलीची नोंदणी, विमा सगळं लागतं, त्याचा वेगळा धागा काढा.

कागदवाला
खर्च. केंद्राच्या नियमात प्रत्येक प्रकाराच्या लर्निंगला १५० आणि परीक्षेचे ५०. दोन प्रकार म्हणजे ३५० च्या आसपास. पक्क्याला प्रत्येक प्रकाराच्या टेस्टचे ३००, लायसन्सचे २००, स्मार्ट कार्डाचे २००. दोन प्रकारांचे हजार, वर टपालखर्च वगैरे किरकोळ. म्हणजे माणशी दीड हजाराच्या आत सगळं. एजंटने सांगितलेल्या आकड्यातून हे वजा करा, उरेल ती त्याच्या खुर्चीची किंमत.

पैसे भरताना पान अडकलं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. साइटवर अर्जाच्या नंबरावर पेमेंटची स्थिती तपासायची सोय आहे, ती आधी बघा. पैसे कापले गेलेले असतात आणि पावती मागाहून उमटते.

वहिनींसाठी एक कागद जास्त. चाळिशी ओलांडलेल्यांना फॉर्म १-अ, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरचं मेडिकल सर्टिफिकेट लागतं. भाच्याला फक्त फॉर्म १, स्वतःचं घोषणापत्र. त्यातला एक प्रश्न बहुतेक जण न वाचता 'होय' करतात: चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का? चष्मा लावून चालतं. गल्लीत पंचवीस मोठी पावलं मोजून एकदा खरंच बघा. चष्म्याचा नंबर वाढलाय हे पुष्कळदा तेव्हाच कळतं.

सही अपलोड करताना फाइल १० ते २० केबी लागते. मोबाईलने काढलेला फोटो दोन-तीन एमबीचा असतो, साइट तो घेत नाही आणि का घेत नाही तेही नीट सांगत नाही. पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळ्या पेनने सही, आजूबाजूचं कापून, आकार कमी करून ठेवा.

नवशिकी
लर्निंगची परीक्षा घरी बसून देता येते ना? की आरटीओत जावं लागतं?

कागदवाला
@नवशिकी ताई, दोन्ही रस्ते आहेत. आधार-ओटीपीने अर्ज केला तर घरून, राज्यात ही सोय जून २०२१ पासून आहे. आधार वापरायचं नसेल तर स्लॉट घेऊन कार्यालयात. घरून देताना आधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पूर्ण बघावा लागतो, मग पासवर्ड एसएमएसने येतो. कॅमेरा सुरू ठेवून चेहरा आधारच्या फोटोशी जुळवला जातो. इथं अडतं ते असं: पाठीमागे खिडकी, चेहऱ्यावर अंधार, आधारवरचा फोटो आठवीतला. तोंडासमोर उजेड घ्या, मागे कोरी भिंत ठेवा, खोलीत दुसरं कुणी नको. आणि आधारला मोबाईल नंबर जोडलेलाच नसेल तर हा रस्ता सुरूच होत नाही.

१५ प्रश्न, ९ बरोबर हवेत, प्रत्येकाला थोडेच सेकंद. भाषा मराठी निवडता येते, पण मराठी भाषांतर कधी कधी इतकं सरकारी असतं की इंग्रजी सोपं वाटावं. सराव चाचणी साइटवरच फुकट आहे, दोन-तीनदा ज्या भाषेत द्यायची त्याच भाषेत सोडवा. नापास झालात तर ५० रुपये भरून पुन्हा.

एक सांगून ठेवतो. "परीक्षा आम्ही देतो, तुम्ही फक्त ओटीपी सांगा" म्हणणारे कॅफेवाले आहेत. ओटीपी दिला की आधारची किल्लीच दिली. लायसन्स रद्द व्हायची वेळ आली तर ते तुमचं होणार, कॅफेवाल्याचं नाही.

शाहूपुरीकर
प्रश्नांत लोक कुठं चुकतात ते लिहितो. पाठांतरापेक्षा पाट्यांचे आकार समजून घ्या, अर्धं काम होतं. लाल कडेचा गोल म्हणजे हुकूम, मोडला तर दंड. त्रिकोण म्हणजे इशारा. निळा चौकोन म्हणजे माहिती: दवाखाना, पेट्रोल पंप, पार्किंग. दोनच आकार वेगळे: 'थांबा' अष्टकोनी आणि 'वाट द्या' उलटा त्रिकोण. हे मुद्दाम वेगळे केलेत, धुक्यात किंवा चिखलाने अक्षरं झाकली तरी आकारावरून ओळखता यावेत म्हणून.

हमखास चुकणारी जोडी: निळ्या गोलावर एकच तिरपी लाल रेघ म्हणजे 'पार्किंग नाही', फुली म्हणजे 'थांबायचंही नाही'. पहिल्यात माणूस उतरवायला क्षणभर थांबता येतं, दुसऱ्यात नाही.

घाटाचा प्रश्न आपल्याकडच्या पोरांनी तरी चुकवू नये: अरुंद चढावर समोरासमोर आलात तर वाट चढणाऱ्या गाडीला द्यायची. यवतेश्वरच्या वळणावर हे रोज दिसतं, आणि रोज कुणीतरी उतरणारा मोठ्या लाइट मारत तसाच दामटतो. कारण साधं आहे, चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड, उतरणाऱ्याला फक्त ब्रेक दाबायचा असतो.

बाकी: सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवर गाडी थांबवून, बरोबरच्या माणसाने पुढे जाऊन दोन्ही बाजू बघायच्या. अपघात झाला तर जखमीला आधी उपचार, मग पोलिसांना २४ तासांच्या आत खबर. पांढरी काठी घेतलेला माणूस रस्ता ओलांडत असेल तर थांबायचं, हॉर्न नाही.

नवशिकी
लर्निंग आल्यावर एकटीने स्कूटी घेऊन राजवाड्यापर्यंत जाता येईल का? सगळे जातात.

हाफक्लच
सगळे जातात, नियमात बसत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ३ बघा. लर्निंगवाल्याबरोबर त्या प्रकारचं पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा हवा, आणि तो गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा. कारमध्ये म्हणजे शेजारच्या सीटवर, जिथून हँडब्रेकला हात पोचतो. मागच्या सीटवर बसून "डावीकडे घे" म्हणणारे काका चालत नाहीत. दुचाकीवर मागे शिकवणाऱ्याशिवाय दुसरं कुणी बसवायचं नाही, मैत्रिणीला ट्यूशनला सोडणं बसत नाही त्यात.

'एल'चं मापसुद्धा नियमात आहे: पांढरी पाटी किमान १८ सेंमी चौरस, त्यावर लाल एल किमान १० सेंमी उंच, २ सेंमी जाड आणि खाली ९ सेंमी रुंद. पुढे आणि मागे दोन्हीकडे. रेडियमच्या दुकानात मिळणारे तळहाताएवढे स्टिकर यात बसत नाहीत.

हे चिकाटीने सांगण्याचं कारण पोलीस नव्हे, विमा. पॉलिसीच्या कागदात चालकाबद्दल एक कलम असतं: लर्निंगवाला चालवत असेल तर तो नियम ३ पाळणारा हवा. एकटे गेलात, धडक झाली, की समोरच्याची भरपाई घरच्यांच्या अंगावर येऊ शकते.

कराड_पन्नास
कराड, पाटणच्या लोकांनी एमएच-५० निवडायचं का? आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकलं तर टेस्ट माफ होते असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय.

कागदवाला
कायद्यात २०१९ ला बदल झाला, तेव्हापासून राज्यातल्या कुठल्याही कार्यालयात अर्ज करता येतो. तरी जवळचं कराडच बरं, टेस्टला गाडी घेऊन जायचं असतं. लर्निंग जिथून काढलं तिथूनच पक्कं काढा, फायली फिरवायचा ताप नको.

टेस्टमाफीचं ते फॉरवर्ड २०२४ च्या मे महिन्यापासून फिरतंय, "१ जूनपासून आरटीओची टेस्ट बंद". केंद्रीय मंत्रालयाने तेव्हाच खुलासा केला होता की नियमात काही बदल नाही. सूट फक्त मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांतून कोर्स पूर्ण करणाऱ्यांना, आणि त्या केंद्राचा कारचा कोर्स चार आठवड्यांत २९ तासांचा. कोपऱ्यावरच्या मोटार ट्रेनिंग स्कूलचं सर्टिफिकेट म्हणजे माफी नव्हे.

हाफक्लच
स्कूललाही नियम आहे: खासगी गाडीसाठी किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष १० तास स्टिअरिंगवर. "पंधरा दिवस, रोज अर्धा तास" असं पॅकेज घेतलंत तर साडेसात तास होतात, त्यातही तीन शिकाऊ एका गाडीत बसवले की तुमच्या वाट्याला किती, हिशोब करा. पैसे देण्याआधी स्पष्ट विचारा: माझ्या हातात स्टिअरिंग रोज किती मिनिटं? आणि दुहेरी ब्रेक-क्लचची गाडी असेल तर शेवटचे चार दिवस मास्तरांना पाय वर घेऊन बसायला सांगा. पुष्कळांना पक्कं वाटत असतं की क्लच आपणच सोडतोय.

अजिंक्यतारा_पायथा
आता मुख्य. पक्क्याच्या टेस्टला काय करून दाखवायचं?

हाफक्लच
सकाळी वेळेआधी पोचा. लर्निंगची प्रत, अर्जाची प्रत, स्लॉटची पावती, आणि ज्या गाडीवर टेस्ट देणार तिचं आरसी, विमा, पीयूसी. पीयूसी संपलेलं असतं हे तिथं उभं राहिल्यावर कळणारे रोज निघतात. गाडी मित्राची चालते, पण कागद जिवंत हवेत. दुचाकीला दोन्ही आरसे आणि डोक्यावर बांधलेलं हेल्मेट, हातात नव्हे.

दुचाकीला आठचा आकडा. पाय टेकला किंवा रेघ ओलांडली की गेलं. पोरं दोन चुका करतात: एक, वेग घेऊन शिरतात. दोन, पुढच्या चाकाकडे बघतात. आठ हा वेगाचा नाही, क्लचचा खेळ आहे. पहिला गिअर, क्लच अर्ध्यावर धरून, एक्सलेटर थोडा पण सारखा, आणि वेग कमी करायचा तो फक्त मागच्या ब्रेकने. वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक दाबला की गाडी आतल्या बाजूला कोलमडते, तिथंच पाय खाली येतो. नजर पुढच्या वळणाच्या तोंडाशी ठेवा, गाडी नजरेमागे जाते. स्कूटीला क्लच नाही, त्यामुळे एक्सलेटर किंचित चालू ठेवून मागचा ब्रेक बोटाने धरून ठेवायचा. एक्सलेटर पूर्ण सोडला की ऐन वळणात गाडी मरते आणि तोल जातो. सरावाला चार विटा पुरतात, मोकळ्या मैदानात आठ काढा आणि विटा रोज थोड्या जवळ आणा.

कारला रिव्हर्स आणि चढ, बहुतेक जण या दोन ठिकाणी पडतात. रिव्हर्समध्ये एक्सलेटरला पायच लावायचा नाही, सपाट जागेवर गाडी हाफ क्लचवर सरकते. आरशात मागचं चाक आणि रेघ दोन्ही दिसतील असे आरसे खाली करून घ्या, आणि ते बसल्याबसल्या करा, गाडी हलल्यावर नाही. स्टिअरिंग फिरवायचं ते गाडी सरकत असताना. उभ्या गाडीत फिरवलं की चाक नक्की कुठं वळलंय याचा अंदाज जातो.

चढावर गाडी थांबवून मागे न घसरता उचलायची. हँडब्रेक ओढलेला. पहिला गिअर. क्लच हळूहळू सोडा, एका जागी इंजिनचा आवाज जड होतो आणि बॉनेटचं नाक किंचित वर येतं. तो बिंदू सापडला की पाय तिथंच गोठवायचा. मग थोडा एक्सलेटर, आणि आता हँडब्रेक खाली. हँडब्रेक आधी सोडून मग क्लच शोधणारे मागे जातात, घाबरून क्लच एकदम सोडतात, गाडी बंद. समर्थ मंदिराकडून बोगद्याकडे जाणारा चढ यासाठी चांगला आहे, पण पहाटे जा. सुट्टीच्या दिवशी कासची गर्दी तिथंच तुंबते आणि मागची गाडी बंपरला चिकटून असते.

शाहूपुरीकर
एक जोड देतो. सीट बेल्ट लावायच्या आधी गाडी सुरू करणं, वळताना इंडिकेटर न देणं, आणि दिलेला बंद न करणं, यावर मोटार वाहन निरीक्षकांचं लक्ष असतं. गाडी उत्तम चालवणारे यावर पडतात. हाताचे इशारेही विचारतात. पुस्तकातले आहेत, रस्त्यावर कुणी करत नाही, पण टेल-लाइट गेली की तेच उरतात.

नवशिकी
नापास झालं तर?

कागदवाला
७ दिवसांनी पुन्हा, टेस्टची फी पुन्हा. तीनदा नापास झालात तर शेवटच्या टेस्टनंतर ६० दिवस थांबावं लागतं. पण लर्निंगची सहा महिन्यांची मुदत मधे धावतच असते, म्हणून पहिली टेस्ट शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. दोन प्रकारांपैकी दुचाकी पास आणि कार नापास असं होऊ शकतं, तेव्हा पुढं काय करायचं ते खिडकीवर त्याच दिवशी विचारून, अर्जाची स्थिती साइटवर बघूनच घरी जा.

अजिंक्यतारा_पायथा
भाच्याचा धाकटा भाऊ सोळाचा आहे. त्याला पण स्कूटी पाहिजे म्हणतोय.

हाफक्लच
सोळाला लायसन्स मिळतं, पण ५० सीसीच्या आतल्या बिनगिअर गाडीचं आणि पालकांच्या संमतीने. तसली पेट्रोल गाडी आता शोरूमला मिळत नाही. अ‍ॅक्टिव्हा-ज्युपिटर शंभर सीसीच्या वर, त्या नाहीच. बॅटरीवाल्यांत ताशी २५ किमीच्या आतली आणि २५० वॉटच्या आतली गाडी कायद्याने मोटार वाहनच धरत नाहीत, तिला लायसन्स लागत नाही. पण दुकानदार "लायसन्स लागत नाही" म्हणत विकतो त्यातल्या काही पन्नासच्या वेगाने पळतात. बिलावर आणि कागदावर वॉट व वेग दोन्ही वाचून घ्या. अल्पवयीनाच्या हातात मोठी गाडी सापडली तर कलम १९९-अ खाली पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराला हे समजावून सांगायला वेळ लागत नाही.

कराड_पन्नास
पक्कं किती वर्षं चालतं?

कागदवाला
तिशीच्या आत काढलं तर वयाच्या चाळिशीपर्यंत. ३० ते ५० मध्ये काढलं तर १० वर्षं. ५० ते ५५ मध्ये काढलं तर साठीपर्यंत, त्यापुढे दर ५ वर्षांनी. म्हणजे भाच्याचं बावीसेक वर्षं, वहिनींचं दहा.

टेस्ट पास झाल्यावर कार्ड यायला दिवस लागतात. तोवर डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये लायसन्स दिसायला लागलं की तेच दाखवायचं, ते कायद्याने मूळ कागदासारखंच धरतात. नुसता कार्डाचा फोटो किंवा झेरॉक्स धरत नाहीत. कार्ड आलं की पाकीट फोडून तिथल्या तिथं चार गोष्टी बघा: नाव, जन्मतारीख, रक्तगट, आणि मागच्या बाजूला प्रकार. गिअरची दुचाकी मागितली आणि बिनगिअरची छापून आली, असं असेल तर लगेच कार्यालयात दाखवा. पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी सापडलं की तुम्ही पाच वर्षं कशावर चालवत होतात, इथून प्रश्न सुरू होतो.

अजिंक्यतारा_पायथा
उद्या भाच्याचं आधार आणि दाखला ताडतो. वहिनींच्या दाखल्यावर माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. याचं काय करायचं?

कागदवाला
पत्ता आणि नाव आधारवरचं जाऊ द्या, जन्मतारखेच्या पुराव्यासाठी दाखला जोडा आणि सोबत विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र ठेवा, म्हणजे दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे कागदावर जुळतं. पासपोर्ट असेल तर त्याहून सोपं, त्यात नाव आणि जन्मतारीख एकाच पानावर मिळते.